आपल्या फाइलीची किल्ली आपल्याकडे: गावात मुक्त सॉफ्टवेअरचं काम सुरू करायचं तर

माझ्या आत्यानं भोर तालुक्यातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. दोनशे पानांची वही झाली होती. १९९९ साली तिनं ती पुण्यातल्या एका डीटीपी सेंटरमध्ये टाइप करून घेतली आणि फ्लॉपी साडीच्या घडीत जपून ठेवली. पुढे कुणीतरी ती सीडीवर उतरवून दिली. २०१६ साली आम्ही फाइल उघडली, तर पडद्यावर एकही ओवी नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, मधेच पौंडाचं चिन्ह. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाइप केली होती ते चालायला संगणकाच्या मागे एक डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेलं छोटं यंत्र, लावावं लागायचं. सेंटर बंद पडलं होतं, डोंगलचा पत्ता नव्हता आणि वहीला वाळवी लागून गेली होती. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेक तोवर गेल्या होत्या.

मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार मी त्या दिवसापासून करतो. आपण लिहिलेलं, जमवलेलं, मोजलेलं आपल्याला कधीही, कुणाच्या परवानगीवाचून उघडता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्हाला तुमच्या वाचनालयात, शाळेत, कॉलेजात किंवा पतपेढीत हे काम सुरू करायचं असेल, तर कुठून कसं सुरू करावं ते अनुभवावरून सांगतो.

आधी शब्द नीट समजून घ्या

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली, तिथून ही चळवळ धरतात. सॉफ्टवेअर मुक्त म्हणायचं तर चार गोष्टींची मोकळीक हवी: ते कुठल्याही कामासाठी वापरता यावं, आतून कसं चालतं ते बघून बदलता यावं, दुसऱ्याला त्याची प्रत देता यावी आणि आपण केलेली सुधारणाही वाटता यावी. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या विंडोजच्या जागी चालणाऱ्या संगणक प्रणालीचा गाभा लिहिला आणि १९९८ साली ‘ओपन सोर्स’ हा शब्द रूढ झाला. इंग्रजीत ‘फ्री’ म्हटलं की फुकट की मुक्त, हा घोळ होतो. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, त्याचा फायदा घ्या. फुकट मिळणारं पण कोड बंद ठेवलेलं ॲप मुक्त नसतं, आणि मुक्त सॉफ्टवेअर बसवून देण्याचे, शिकवण्याचे पैसे घ्यायला कुणाची ना नाही. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब-कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईतच घडलं, मुक्त परवान्याखाली आहे, आणि त्यावर कंपनी उभी आहे.

नवख्या माणसासमोर ‘फ्री सॉफ्टवेअर म्हणायचं की ओपन सोर्स’ यावर वाद घालत बसू नका. समोरचा कंटाळून उठून जातो.

स्वतःच्या फाइली तपासा

दुसऱ्याकडे जाण्याआधी आपल्या घरचा संगणक बघा. दहा वर्षांपूर्वीच्या दहा मराठी फाइली उघडा आणि त्यातला मजकूर मोबाइलवर स्वतःलाच पाठवा. वाचता आला तर तो युनिकोडमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत. चिन्हांचा चिखल दिसला तर तो जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिथे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

असा मजकूर परत मिळवता येतो. फाइलमध्ये फॉन्टचं नाव बहुधा नोंदलेलं असतं; ते सापडलं की त्या फॉन्टसाठीचा रूपांतरक शोधा. नेहमीच्या जुन्या फॉन्टसाठी ते फुकट मिळतात. रूपांतर झाल्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफारही जागा बदलतो. आत्याच्या ओव्यांत आम्हाला जवळपास प्रत्येक पानावर भलत्याच अक्षराला चिकटलेली वेलांटी सापडली. तीन महिने रोज संध्याकाळी आत्या पाठ म्हणायची आणि मी दुरुस्त करायचो. तिला अर्ध्याहून अधिक ओव्या तोंडपाठ होत्या म्हणून जमलं.

मराठी टायपिंगची घडी बसवा

प्रचार करणारे बरेच जण इथे घाई करतात. मराठी नीट टाइप होत नाही असं एकदा दिसलं की ग्रंथपालबाई पुन्हा तुमच्या लिनक्सचं नाव काढणार नाहीत. म्हणून या पायरीला वेळ द्या.

इनस्क्रिप्ट शिका. तो मराठी कळफलकाचा सरकारमान्य आराखडा आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर आधीपासून असतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. पंधरा दिवस रोज वीस मिनिटं दिली की बोटं वळतात. उच्चाराप्रमाणे इंग्रजीत टाइप करायची ज्यांना सवय आहे त्यांना तेच करू द्या. ओढाताण करू नका.

मग एक परीक्षा घ्या: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द टाइप करा. पहिले विद्वान, दुसरे स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला तो आडवा अर्धा र इनस्क्रिप्टवर असा येतो: जे ची कळ शिफ्ट धरून दाबा, ऱ येईल, मग डी वर हलन्त, मग य. हाच अर्धा र साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही काढतात. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी अक्षरं वेगळी. एकानं एका पद्धतीनं ‘वाऱ्यावर’ लिहिलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर पुस्तक यादीत असून सापडत नाही. वाचनालयाची यादी करताना सगळ्यांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी.

लिब्रेऑफिस म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ अशी ओळ असते. तिथे मराठी निवडा. बऱ्याच ठिकाणी तिथे हिंदी पडलेली असते, आणि मग काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. लोक फॉन्टला नावं ठेवतात. चूक सेटिंगची असते. फॉन्टांची मराठीला आता वाण नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाचा ‘मुक्त’, आयआयटी मुंबईचा शोभिका, शिवाय लोहित आणि नोटो, सगळे मुक्त परवान्याचे. पुस्तक छापा, पाटी रंगवा, कुणाला विचारायला नको.

आधी सॉफ्टवेअर बदला, मग प्रणाली

सुरुवातीलाच विंडोज काढून टाकू नका. आहे त्याच विंडोजवर फायरफॉक्स ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि चित्रफिती बघायला व्हीएलसी बसवा आणि महिनाभर वापरू द्या. लिब्रेऑफिसमधली मूळ फाइल ओडीटी प्रकारात ठेवा. हा प्रकार २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, तो वाचणारं सॉफ्टवेअर कुणीही लिहू शकतं. बाहेर पाठवताना नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ, समोरच्याला बदल करायचे असतील तर वर्डच्या प्रकारातली प्रत द्या. आपल्या तत्त्वापायी समोरच्याची अडवणूक करू नये असं मला वाटतं.

मग लिनक्स. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित अपडेटचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि अनेक चालू स्थितीतले संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात जाण्याआधी त्यांच्यापर्यंत पोचा. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती टाका आणि काहीही न पुसता पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून दाखवा. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग आणि प्रिंटर ही चार कामं तिथेच तपासा. प्रिंटर सगळ्यात आधी.

ज्या संगणकावर टॅली चालतं किंवा निविदेसाठी डिजिटल सहीचं टोकन लागतं, त्याला हात लावू नका. ‘एवढा एक राहू द्या’ असं तुम्हीच आधी म्हणा. त्यानं विश्वास बसतो.

शिकवायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे वापरा. छोटे छोटे आहेत, फुकट आहेत आणि त्यांतले बरेच मराठी आवाजात आहेत.

संस्थेच्या कारभाऱ्यांशी बोलताना

स्वातंत्र्याच्या चार व्याख्या घेऊन कार्यकारिणीपुढे जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. या सॉफ्टवेअरचं बिल कुठल्या फाइलला आहे? उद्या विक्रेत्यानं दुकान बंद केलं तर सभासदांची यादी बाहेर काढता येईल का? शेवटचा बॅकअप कधी घेतला आणि तो उघडून कुणी बघितला? तिसऱ्या प्रश्नाला खोलीत हमखास शांतता पसरते. तिथून बोलणं सुरू होतं.

अनेक ठिकाणी चोरीची प्रत बसवलेली असते. अध्यक्षांना खाली मान घालायला लावू नका, पण कायदा सांगा: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ख प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे, आणि त्याला कैदेची तरतूद आहे. मुक्त सॉफ्टवेअर घेतलं की ती टांगती तलवार राहत नाही.

‘सरकार कुठे वापरतं?’ असं कुणीतरी विचारतंच. केंद्र सरकारनं २०१५ साली ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं, आणि त्याआधी २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात, तेही मल्याळममधून. हे उदाहरण शिक्षकांना फार पटतं, कारण तिथे प्रशिक्षण आधी शिक्षकांना दिलं गेलं.

माहिती अधिकाराचा अर्ज

नगरपरिषद, जिल्हा परिषद, विद्यापीठ अशा ठिकाणी गोड बोलून भागत नसेल तर अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. माझा मसुदा असा असतो:

‘विषय: कार्यालयातील संगणक सॉफ्टवेअरवरील खर्च. कालावधी: मागील तीन आर्थिक वर्षे. अपेक्षित माहिती: १) खरेदी अथवा नूतनीकरण केलेल्या सॉफ्टवेअरची यादी, परवान्यांची संख्या व प्रत्येकी रक्कम. २) खरेदीपूर्वी मुक्त स्रोत पर्यायांचा विचार केल्याची टिपणी असल्यास तिची प्रत. ३) करार संपल्यावर कार्यालयाची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, याविषयी करारातील कलमाची प्रत. माहिती उपलब्ध असल्यास इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, स्प्रेडशीट म्हणून द्यावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. अधिनियमाच्या कलम ७(९) प्रमाणे माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. छापून, वाकडी स्कॅन करून दिलेली यादी शोधताही येत नाही आणि तिची बेरीजही करता येत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

एक खबरदारी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातली खासगी माहितीची तरतूद बदलली आहे आणि वैयक्तिक म्हणून नकार देणं सोपं झालं आहे. हा बदल मला मनापासून टोचतो. म्हणून अर्जात माणसांची नावं मागू नका. रकमा, करार आणि टिपण्या मागा.

डिजिटल हक्क: सॉफ्टवेअरच्या पलीकडे

सॉफ्टवेअर आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत. व्हीएलसीचंच बघा. आपल्या प्रत्येक लग्नाची चित्रफीत ज्यात चालते त्या मुक्त सॉफ्टवेअरचं संकेतस्थळ २०२२ साली भारतात कित्येक महिने उघडतच नव्हतं, आणि बंद का केलं हे ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनलाही कुणी सांगितलं नव्हतं. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीनं त्यांनी कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

पालघर तर आपल्या दाराशी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून तिथल्या दोन तरुणींना अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं ते लाइक केलं होतं. श्रेया सिंघल ही विद्यार्थिनी त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ ला ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिखाणाला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानं इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक केलं. या तीन तारखा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पोलिस ठाण्यात किंवा प्राचार्यांच्या खोलीत त्या उपयोगी पडतात.

रोजच्या वापरात काय करायचं? एखादं संकेतस्थळ उघडेना, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडणीवर बघा आणि पडद्याचा फोटो तारीख-वेळेसकट ठेवा. पुढे अर्ज करायचा झाला तर तोच पुरावा. दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर ‘नंबराशिवाय बिल करा’ म्हणा. संस्थेच्या ॲपला तुमचे संपर्क आणि ठिकाण कशाला हवं, हे लेखी विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या शिबिराच्या नोंदणीत नाव आणि गाव यापलीकडे काही मागू नका. आम्ही पहिल्या शिबिरात सवयीनं जन्मतारीख मागितली होती. एका मुलीनं ‘कशाला?’ विचारलं आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी तो रकाना पुसला.

मराठीची भर घाला

कोड येत नाही म्हणून मागे राहू नका. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर ते बनवणाऱ्या मोझिला संस्थेच्या पाँटून या संकेतस्थळावर कुणालाही करता येतं. वाक्यं सुटी सुटी समोर येतात. तिथे एकच पथ्य पाळा: भाषांतर केलेलं वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. ‘जतन करा’ चालतं, ‘सेव्ह करा’ही चालतं, पण घरात कुणी म्हणणार नाही असा शब्द शुद्धतेच्या हौसेपायी घुसडला, तर लोक भाषा बदलून इंग्रजी करतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

लिहायचा कंटाळा असेल तर कॉमन व्हॉइस या मोझिलाच्याच आवाज जमवणाऱ्या प्रकल्पाला मराठी वाक्यं वाचून आवाज द्या. तो आवाज कुणालाही वापरता येतो. तिथे वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी वळणाचे आवाज पोचले पाहिजेत, नाहीतर उद्याची यंत्रं फक्त पुण्याचंच मराठी ओळखतील. तुमच्या आजीला बसवा समोर.

शिबिराचा दिवस

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळतात. वाचनालयाची खोली, दहा माणसं, सहा संगणक. पहिल्या वर्षी यापेक्षा मोठा बेत करू नका. सोबत दोन एक्स्टेंशन बोर्ड, मिंट टाकलेले तीन पेन ड्राइव्ह, बॅकअपसाठी १ टीबीची डिस्क आणि कागदी चिठ्ठ्या घ्या. संगणक आला की चिठ्ठीवर मालकाचं नाव, काय जपायचं आहे आणि काय पुसलं तरी चालेल ते मालकाच्याच हातानं लिहून घ्या. बॅकअप झाला, तो दुसऱ्या संगणकावर उघडून मालकाला दाखवला आणि त्यानं मान डोलावली, की मगच लिनक्स बसवायला घ्या. लग्नाचे फोटो एकदा गेले की तुम्ही कितीही माफी मागा, उपयोग नसतो.

कळफलक मालकाच्या हातात राहू द्या. तुम्ही बाजूला बसून सांगा. वेळ तिप्पट लागतो. पण घरी गेल्यावर काही अडलं तर त्या माणसाची बोटं तिथे आधी जाऊन आलेली असतात.

पुढच्या गुरुवारी ज्यांच्याकडे लिनक्स बसवलं त्या प्रत्येकाला फोन करा. ‘काही अडचण?’ असं विचारू नका, सगळे ‘नाही’ म्हणतात. ‘प्रिंट काढली का?’ असं विचारा. सहांपैकी दोघं तरी म्हणतील, नाही, प्रिंटर दिसतच नाही. मग यूएसबीची वायर खिशात टाका आणि निघा.